कानालेत्तो : पट्टीने आखलेले व्हेनिस

मी पहिल्या वर्षाला इंजिनिअरिंग ड्रॉइंग शिकवतो. त्यामुळे कलेच्या इतिहासाच्या प्राध्यापकांची परिभाषा या टिपणात फारशी सापडणार नाही. पण आज ज्या चित्रकाराविषयी आपण बोलणार आहोत तो पट्टी, गुण्या आणि कर्कटक घेऊन कामाला बसणारा माणूस होता, आणि त्याच्यावर जो आरोप पुन्हा पुन्हा होत आला तो आपल्या शाखेतल्या लोकांनाही नवा नाही. आरोप असा, की काम कष्टाचे आहे, बिनचूक आहे, पण ही कला नव्हे.

त्याचे नाव जोवान्नी आंतोनियो कानाल. वडीलही चित्रकार, म्हणून हा 'कानालेत्तो', म्हणजे धाकटा कानाल. जन्म १६९७, मृत्यू १७६८, दोन्ही व्हेनिसमध्ये. जवळजवळ सारे आयुष्य त्याने शहरांची चित्रे काढण्यात घालवले. अशा चित्राला इटालियन भाषेत 'वेदूता' म्हणतात, आपण नगरदृश्य म्हणू. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज समीक्षक जॉन रस्किन याला कानालेत्तो अजिबात आवडत नसे. त्याच्या लेखी हे यांत्रिक, मन नसलेले काम होते. आजचे पर्यटक त्याच चित्रांपुढे उभे राहून 'अगदी फोटोसारखे' असे कौतुकाने म्हणतात. निंदा आणि कौतुक दोन्ही एकाच गृहीतकावर उभे आहेत : कानालेत्तोने समोर जे दिसले ते उतरवून घेतले. हे गृहीतक कितपत टिकते, ते आपण तपासू.

त्याआधी एक काम करा. लंडनच्या नॅशनल गॅलरीतले 'द स्टोनमेसन्स यार्ड' हे चित्र मोठ्या आकारात समोर उघडून ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर पोस्टकार्डाएवढे दिसणारे चित्र पाहून पुढचे फारसे कळणार नाही. मूळ चित्र सुमारे १२४ सेंटीमीटर उंच आणि १६३ सेंटीमीटर रुंद आहे.

नाटकाच्या पडद्यापासून

वडील बेर्नार्दो कानाल नाटकांचे आणि ऑपेरांचे पडदे रंगवत. धाकट्याचे शिक्षण त्याच धंद्यात झाले. आपल्याकडे संगीत नाटकांच्या काळात राजवाड्याचा, रस्त्याचा, अरण्याचा पडदा असे, तो बहुधा समोरून पाहिलेला, मधोमध एक लोपबिंदू असलेला. इटलीत त्या सुमारास या कलेने मोठी उडी घेतली होती. बिब्बिएना घराण्यातल्या फेर्दिनान्दो याने रंगमंचावरची वास्तू कोपऱ्यातून दाखवायला सुरुवात केली, आणि १७११ मध्ये आपल्या ग्रंथात ती रीत मांडलीही. म्हणजे तुम्ही पहिल्या वर्षाला शिकता तेच : इमारतीचा कोपरा प्रेक्षकाकडे, दोन्ही भिंती दोन बाजूंना पळणाऱ्या, दोन लोपबिंदू, आणि तेही बहुधा चौकटीच्या बाहेर. यथार्थदर्शनाचे हे गणित ज्याच्या बोटांत नाही त्याला त्या काळी पडदे रंगवण्याचे काम मिळणे कठीण.

१७१९ च्या सुमारास बापलेक रोमला गेले. तिथे त्यांनी आलेस्सान्द्रो स्कार्लात्तीच्या ऑपेरांसाठी देखावे रंगवले. नाटककारांच्या कटकटींना कंटाळून कानालेत्तोने रंगभूमीचा तिथेच कायमचा त्याग केला, असे त्याचा समकालीन लेखक झानेत्ती सांगतो. खरे कारण काही असो, १७२० मध्ये व्हेनिसच्या चित्रकारांच्या संघाच्या नोंदवहीत त्याचे नाव दिसते आणि त्यानंतर तो नगरदृश्येच काढू लागतो. हा प्रकार त्याने शोधला नव्हता. रोममध्ये गास्पर व्हान विट्टेल हा डच चित्रकार अशी चित्रे काढत होता, आणि व्हेनिसमध्ये लूका कार्लेवारीसने १७०३ मध्येच शहरातल्या इमारतींच्या शंभरावर एचिंग्जचे पुस्तक काढले होते. बाजार तयार होता. विकणारा एक म्हातारा होत चालला होता, इतकेच.

मग ग्राहक कार्लेवारीसला सोडून या पोराकडे का वळले? १७२५ मध्ये लुक्का गावच्या स्तेफानो कोन्ती नावाच्या संग्राहकाला व्हेनिसची चित्रे हवी होती. त्याच्या मध्यस्थाने त्याला कळवले, की हल्ली कानाल म्हणून एक जण आहे, काम कार्लेवारीससारखेच, पण त्याच्या चित्रात ऊन चमकताना दिसते. कानालेत्तोवर नंतर खूप लिहिले गेले. त्या मध्यस्थाच्या या एका शेऱ्याइतके नेमके त्यातले थोडेच असेल.

हे ऊन कुठून आले? माझ्या मते रंगभूमीवरून. पडदे रंगवणाऱ्याला माहीत असते की पुढची बाजू काळोखी ठेवली की मागचा उजेड जास्त उजळ वाटतो. कानालेत्तोच्या सुरुवातीच्या चित्रांत पुढे सावलीतले पाणी किंवा अंधारी भिंत असते आणि मध्यावर एखादी इमारत उन्हात उभी असते. व्हेनिसच्या का' रेझ्झोनिको संग्रहालयातले 'रिओ देई मेन्दिकान्ती' बघा. गरीब वस्तीतला कालवा, वाळत टाकलेले कपडे, गोंडोला दुरुस्त करण्याचा कारखाना. राजवाडा नाही, मिरवणूक नाही. तरी नजर हलत नाही.

दगडकाम चालू आहे

आता उघडून ठेवलेल्या चित्राकडे वळू. काळ साधारण १७२५ नंतरचा. जागा कांपो सान विदाल, ग्रँड कॅनॉलच्या काठचा एक चौक. सान विदाल चर्चच्या दुरुस्तीसाठी इथे दगड घडवण्याचे काम सुरू आहे, म्हणून चौकाचे अंगण दगडांच्या ठोकळ्यांनी भरले आहे. पाण्यापलीकडे सांता मारिया देल्ला कारिता हे चर्च आणि त्याचा उंच मनोरा. तो मनोरा १७४० च्या दशकात कोसळला. आज त्या पलीकडच्या इमारतींत अकादेमियाचे कलादालन आहे, आणि चित्रात जिथे मोकळे पाणी दिसते तिथे अकादेमिया पूल आहे : १८५४ मध्ये लोखंडी बांधला, १९३३ मध्ये त्याच्या जागी लाकडी आला. म्हणजे हे दृश्य आज कुणालाच दिसू शकत नाही.

डाव्या कोपऱ्यात एक लहान मूल पडले आहे आणि पडल्या पडल्या मुतते आहे. आई हात पसरून धावली आहे. वरच्या सज्जातून एक बाई ते बघते आहे. पाथरवट मात्र मान वर करत नाहीत, त्यांना दगड वेळेत द्यायचा आहे. व्हेनिस हे जगातले सर्वांत सजलेले शहर, आणि त्याचा सर्वांत प्रसिद्ध चित्रकार आपल्याला त्याची बांधकामाची जागा दाखवतो. सिव्हिलच्या विद्यार्थ्यांनी तरी हे चित्र सोडू नये.

आता तंत्र. कॅनव्हासवर आधी अस्तर लावतात, म्हणजे पुढच्या रंगांच्या खालचा सरसकट थर. सुरुवातीच्या काळात कानालेत्तोचे अस्तर तांबूस तपकिरी असे. वरचा रंग जिथे पातळ असेल तिथून ते डोकावते, म्हणून सावल्या उबदार, जराशा जड वाटतात. साधारण १७३० पासून त्याने फिकट, करड्या-पांढरट अस्तराकडे मोर्चा वळवला आणि चित्रे एकदम उजळली. चित्र जुने की नंतरचे, हे ओळखायची ही सोपी खूण आहे. आधी विषय बघू नका, सावली बघा.

आकाशासाठी त्याने प्रशियन ब्ल्यू वापरला. हा निळा रंग अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये रसायनांच्या खटपटीत हाती लागला. लोखंडापासून बनणारा हा रंग अफगाणिस्तानच्या लाजवर्द दगडापासून काढलेल्या निळ्याच्या तुलनेत खूपच स्वस्त होता. कानालेत्तोने १७२० च्या दशकातच तो वापरायला घेतला. नवे साहित्य बाजारात येताच हाती धरणाऱ्या चित्रकारांपैकी तो होता. केमिकलवाल्यांनी याची नोंद घ्यावी.

इमारती रंगवताना तो ओल्या रंगात टोकदार हत्याराने पट्टी धरून रेघ ओढी. कमानी आणि घुमट यांच्यासाठी कंपास. प्रत्यक्ष चित्राजवळ गेले, किंवा तिरप्या उजेडात काढलेले छायाचित्र पाहिले, की हे चरे स्पष्ट दिसतात. रस्किनला राग आला तो अशाच गोष्टींचा. पण 'स्टोनमेसन्स यार्ड'मधल्या भिंती पुन्हा पाहा. रेघ सरळ आहे आणि तिच्यावरचा गिलावा सुटलेला, ओल धरलेला, विटा उघड्या पडलेला. तो भाग मोकळ्या हाताने, कधी जाड कधी पातळ रंगाने केलेला आहे. पट्टी इमारत उभी करते आणि हात तिला म्हातारी करतो. यातले एक काढून घेतले तर दुसऱ्याला अर्थ उरत नाही. वर्गात मी पाहतो की पट्टीची भीती ज्यांना असते ती मुले रेघ वाकडी काढून तिला 'आर्टिस्टिक' म्हणतात. कानालेत्तोला तशी सवलत नको होती.

पेटीचा प्रश्न

आता सर्वांत गाजलेला वाद. कानालेत्तो कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत होता का? ही एक बंद पेटी किंवा अंधारी खोली. एका बाजूला भिंग, आत कागदावर बाहेरच्या दृश्याची प्रतिमा पडते, ती पेन्सिलीने गिरवून घ्यायची. व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात अशी एक पेटी आहे आणि तिच्यावर 'ए. कानाल' ही अक्षरे आहेत. अर्थात पेटीवरच्या नावाने ती त्याचीच होती असे सिद्ध होत नाही.

झानेत्तीने १७७१ मध्ये, म्हणजे कानालेत्तोच्या मृत्यूनंतर तीनच वर्षांनी, या विषयावर लिहून ठेवले आहे. त्याचा रोख असा, की या यंत्राचा योग्य वापर कसा करावा हे कानालेत्तोने दाखवून दिले, आणि यंत्रावर पूर्ण विसंबले तर यथार्थदर्शनात आणि विशेषतः हवेच्या रंगात ज्या चुका होतात त्या ओळखायलाही शिकवले. मला हे वर्णन विश्वासार्ह वाटते, कारण त्यात यंत्राची भक्तीही नाही आणि तिटकाराही.

अकादेमियाकडे कानालेत्तोची एक छोटी वही आहे. तिच्यात इमारतींच्या बाह्यरेषा भरभर काढलेल्या आहेत, एक दृश्य पान उलटून पुढच्या पानावर चालूच राहते, मध्ये मध्ये कुठला दगड, कुठला रंग याच्या आद्याक्षरांत नोंदी. काही अभ्यासकांना या थरथरत्या सलग रेषांत भिंगाची प्रतिमा गिरवल्याच्या खुणा दिसतात. दुसरीकडे इंग्लंडच्या राजसंग्रहात असलेल्या त्याच्या पूर्ण केलेल्या रेखाचित्रांची अवरक्त किरणांखाली तपासणी झाली, तेव्हा शाईखाली पट्टीने ओढलेल्या पेन्सिलीच्या रेघा आणि मोजमापाच्या खुणा सापडल्या. म्हणजे ती कामे टेबलावर बसून, रचून केलेली होती. दोन्ही पुरावे एकत्र नांदू शकतात. सर्व्हे करायला गेल्यावर यंत्र, कार्यालयात आल्यावर ड्रॉइंग बोर्ड. टोटल स्टेशनने जमिनीची मोजणी केली म्हणून इमारतीचा आराखडा टोटल स्टेशनने केला, असे आपण म्हणतो का?

याच यंत्राची एक भारतातली नोंद जाता जाता. थॉमस डॅनियल आणि त्याचा पुतण्या विल्यम हे १७८६ ते १७९३ या काळात कॅमेरा ऑब्स्क्युरा बरोबर घेऊन भारतभर फिरले आणि नंतर त्यांनी 'ओरिएंटल सीनरी' हा १४४ चित्रांचा संच काढला. त्यातले घाट, मंदिरे आणि मनोरे तुम्ही पाठ्यपुस्तकांत पाहिले असतील. तीही चित्रे बिनचूक मानली जातात, आणि त्यांच्याबाबतही पुढे येणारा प्रश्न विचारायला हवा.

सुटे भाग आणि जोडणी

ग्रँड कॅनॉल वळणावळणाचा आहे. एका जागी उभे राहिले तर दोन्ही काठांवरचे वाडे सारखे दिसत नाहीत. एक काठ उघडतो, दुसरा तिरपा होऊन मिटतो. कानालेत्तोच्या चित्रांत मात्र बहुतेक वेळा दोन्ही काठ ऐसपैस उघडलेले असतात. युक्ती अशी की डावा काठ एका ठिकाणाहून काढलेला असतो, उजवा दुसऱ्या ठिकाणाहून, आणि मध्ये पाण्याचा सांधा. पाण्यावर जोड दिसत नाही. शिवाय कितीतरी चित्रांत दृष्टी पाण्याच्या मधोमध आणि बरीच उंचावर असते. तिथे इमारत नाही, गच्ची नाही, बोटीत उभ्या माणसाचे डोके तिथवर पोचत नाही. तुमच्या भाषेत सांगायचे तर स्टेशन पॉइंट हवेत टांगलेला आहे. बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयातले 'बाचीनो दी सान मार्को' या दृष्टीने पाहा. एवढे रुंद पाणी मान न वळवता कुणाला दिसणार नाही. भिंगाच्या एकाच प्रतिमेत ते धडपणे मावणारही नाही. तरी चित्र बघताना काही खटकत नाही, उलट वाटते की आपण शेवटी एकदाचे व्हेनिस नीट पाहिले.

याच माणसाच्या चित्रांवर भरवसा ठेवून केलेले एक वैज्ञानिक काम आता सांगतो. व्हेनिसच्या इमारतींवर भरतीच्या पातळीशी हिरव्या-काळ्या शेवाळाचा पट्टा असतो. कानालेत्तो तो पट्टा इमानाने रंगवी. दारिओ कामुफ्फो या इटालियन संशोधकाने आणि त्यांच्या सहकाऱ्याने कानालेत्तो आणि त्याचा भाचा बेर्नार्दो बेल्लोत्तो यांच्या चित्रांतला हा पट्टा दारे, पायऱ्या, खिडक्या यांच्या संदर्भाने मोजला, आजच्या पट्ट्याशी ताडला, आणि २००३ च्या सुमारास निष्कर्ष काढला की तेव्हापासून व्हेनिस पाण्याच्या तुलनेत सुमारे ६० सेंटीमीटर खाली गेले आहे. यात काही वाटा जमीन खचण्याचा, काही समुद्र वाढण्याचा.

मग या चित्रकाराला खरे म्हणायचे की खोटे? शेवाळाची रेघ सेंटीमीटरांच्या हिशेबात टिकते, आणि अख्खा काठ मात्र त्याने सोयीने फिरवलेला असतो. मला उत्तर असे दिसते : सुट्या भागाचे ड्रॉइंग तंतोतंत, असेम्ब्ली त्याच्या मनाची. खिडकीला किती चौकटी, कमान कुठे टेकते, ओल कुठवर चढली आहे, यात तो हयगय करत नाही. पण या इमारती एकमेकींपासून किती अंतरावर, कोणत्या कोनात उभ्या आहेत, हे तो ठरवतो. प्रेक्षक तपशील तपासतो, तपशील बरोबर निघतो, आणि म्हणून तो सगळ्याच चित्रावर विश्वास ठेवतो. यात कसब आहे आणि थोडी लबाडीही. ती लबाडी न ओळखता त्याला 'फोटोसारखा' म्हणणे म्हणजे त्याचे निम्मे काम न बघणे.

हे तो लपवतही नव्हता. १७४० च्या दशकात त्याने स्वतः केलेल्या एचिंग्जचा संच काढला. त्याच्या शीर्षकातच म्हटले आहे की यातली काही दृश्ये जागेवरून घेतलेली आहेत, काही कल्पिलेली. कुठली कोणती, हे मात्र तो सांगत नाही. कल्पिलेल्या वास्तुदृश्यांना 'काप्रीच्चो' म्हणत. १७४३ च्या अशा एका चित्रात त्याने सान मार्कोच्या चर्चवरचे चार कांस्याचे घोडे खाली उतरवून चौकात चबुतऱ्यांवर उभे केले आहेत. दुसऱ्या एकात रियाल्तोचा खरा पूल काढून टाकून तिथे पाल्लादिओने सुचवलेला, पण कधीच न बांधलेला पूल बसवला आहे. ज्याला नुसते समोरचे उतरवता येते त्याला हे जमत नाही.

स्मिथची कोठी

जोसेफ स्मिथ हा व्हेनिसमध्ये राहणारा इंग्रज व्यापारी, १७४४ पासून ब्रिटिश कॉन्सल. युरोपचा फेरफटका करायला येणारे श्रीमंत इंग्रज तरुण त्याच्याकडे उतरत, भिंतीवरची चित्रे बघत आणि आपल्यालाही तशीच हवी म्हणत. स्मिथने कानालेत्तोकडून ग्रँड कॅनॉलची बारा दृश्ये करून घेतली आणि आंतोनियो विसेन्तीनीकडून त्यांचे ठसे काढून १७३५ मध्ये १४ पानांचे पुस्तक छापले. मूळ चित्रे स्मिथच्या घरी आहेत, हेही त्यावर छापले. आजच्या भाषेत तो कॅटलॉग होता. १७४२ मध्ये तो वाढून ३८ चित्रांचा झाला. ड्यूक ऑफ बेडफर्डने एकट्याने २४ चित्रे घेतली, ती वोबर्न ॲबीमध्ये आहेत. १७६२ मध्ये स्मिथने आपला संग्रह राजा तिसरा जॉर्ज याला २० हजार पौंडांना विकला. कानालेत्तोच्या कामाचा सर्वांत मोठा साठा ब्रिटिश राजघराण्याकडे आहे, त्याचे कारण हे.

या व्यवस्थेने त्याला जगवले आणि बिघडवलेही. मागणी इतकी, की पाण्यावरच्या लाटांसाठी त्याने एक खूण ठरवून टाकली : छोटा पांढरा वळसा, मग दुसरा, मग तिसरा, सगळ्या कालव्यावर एकाच मापाचे. माणसे म्हणजे रंगाचा एक ठिपका आणि त्याच्या शेजारी उजेडाचा दुसरा. हे ठिपके लांबून विलक्षण जिवंत दिसतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लाटांबद्दल आहे. 'रिओ देई मेन्दिकान्ती'मधले पाणी खोल आणि गढूळ आहे, तिथे बादली बुडवता येईल. १७४० नंतरच्या पुष्कळ चित्रांतले पाणी भरतकामासारखे आहे. यांत्रिकपणाचा आरोप करायचाच तर तो इथे करावा. रस्किनने पट्टीला दोष दिला. दोष पट्टीचा नव्हता, सवयीचा होता, आणि ती सवय मोकळ्या हाताने काढलेल्या भागातच भिनली होती.

लंडन

१७४० मध्ये ऑस्ट्रियाच्या वारसाहक्काचे युद्ध सुरू झाले, प्रवासी आटले. ग्राहक येईनात, तेव्हा कानालेत्तो ग्राहकांकडे गेला. १७४६ मध्ये तो लंडनला पोचला आणि मधली एखादी व्हेनिसची फेरी सोडली तर साधारण १७५५ पर्यंत तिथे राहिला. तिथे एक गंमत झाली. त्याची नवी चित्रे लोकांना जुन्यांइतकी भावेनात, आणि हा खरा कानालेत्तो नव्हेच अशी कुजबुज सुरू झाली. १७४९ मध्ये त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, सिल्व्हर स्ट्रीटवरच्या बिऱ्हाडी येऊन आपले नवे चित्र पाहावे, असे लोकांना बोलावले. ज्याच्या नावावर युरोपभर चित्रे विकली गेली त्याला पन्नाशीत आपली ओळख पटवावी लागली.

तो आला तेव्हा वेस्टमिन्स्टर पूल बांधला जात होता. चार्ल्स लॅबेली हा मूळचा स्विस अभियंता. त्याने नदीच्या तळावर लाकडी कॅसॉन बुडवून त्यात खांब उभारले. पण पाया पुरेसा खोल गेला नव्हता. १७४७ मध्ये एक खांब खचला आणि पूल खुला व्हायला नोव्हेंबर १७५० उजाडले. कानालेत्तोने हा पूल अनेकदा काढला. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात त्याचे लॉर्ड मेयरच्या मिरवणुकीचे चित्र आहे, पूल खुला होण्याच्या तीनचार वर्षे आधीचे. त्यात पूल पूर्ण झालेला आहे, त्याच्यावर नदीदेवतांचे पुतळेही आहेत. ते पुतळे आराखड्यात होते, पुलावर कधीच बसले नाहीत. प्रवेशद्वारावर फ्लेक्सवर छापलेली, झाडे आणि हसरी माणसे असलेली इमारतींची रेंडर तुम्ही रोज पाहता. हे त्यांचे पूर्वज. आणि हे रेंडर फसवे का ठरते तर त्यात बलुस्ट्रेडचा प्रत्येक खांब चोख काढला आहे. खाली खांब खचतो आहे हे कुठल्याच बलुस्ट्रेडवरून कळत नाही.

याच पुलाचे दुसरे चित्र मात्र मला फार आवडते. १७४७ चे, सर ह्यू स्मिथसन याच्यासाठी केलेले. हा पुलाच्या आयुक्तांपैकी एक. पुलाची एक कमान म्हणजेच चित्राची चौकट, तिच्यातून दूरवर लंडन आणि सेंट पॉलचा घुमट. वरून दोराला बांधलेली एक बादली लोंबते आहे. कामगार दिसत नाहीत, पण काम चालू आहे हे ती बादली सांगते. पडदे रंगवणारा मुलगा इथे परत आलेला दिसतो, रंगमंचाची कमान घेऊन. त्याच वर्षी ड्यूक ऑफ रिचमंडच्या घराच्या खिडक्यांतून काढलेली दोन दृश्येही या तोडीची आहेत.

स्ट्रक्चर शिकणाऱ्यांनी डलिचच्या कलादालनातले वॉल्टनच्या पुलाचे चित्र पाहावे, १७५४ चे. विल्यम एथरिज याने आखलेला हा थेम्सवरचा लाकडी पूल, एकेक तुळई बाकीच्यांना धक्का न लावता बदलता यावी अशी त्याची रचना. चित्रात पांढऱ्या तुळयांचे जाळे सदस्यागणिक मोजता येते आणि मागे काळे ढग भरून आले आहेत. तो पूल १७८० च्या दशकात गेला. इतर इंग्लिश चित्रांबद्दल मी फार बोलणार नाही. पुष्कळ ठिकाणी टेम्सवर व्हेनिसचेच ऊन पडले आहे आणि गवत हिरव्या पत्र्यासारखे आहे.

शेवटची वर्षे

व्हेनिसला परतल्यावर त्याची पत पूर्वीची राहिली नव्हती. फ्रान्चेस्को ग्वार्दी हा धुक्यात विरघळणारे, पट्टी न मानणारे व्हेनिस काढू लागला होता. नगरदृश्य हा तिथल्या विद्वानांच्या लेखी खालच्या दर्जाचा प्रकार होता. नव्या चित्रकला अकादमीने १७६३ च्या सुरुवातीला कानालेत्तोला प्रवेश नाकारला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिला. तेव्हा तो ६५ वर्षांचा होता. प्रवेशाच्या वेळी सदस्याने आपले एक चित्र अकादमीला द्यायचे असे. ते त्याने १७६५ मध्ये दिले. त्याने ग्रँड कॅनॉल दिला नाही. एक कल्पित वाडा दिला : खांबांची ओळ, जिना, वर लाकडी छत, सगळे कोपऱ्यातून पाहिलेले, दोन लोपबिंदूंचे, तरुणपणी रंगभूमीवर शिकलेल्या रीतीने. ज्यांनी त्याला नकलाकार मानले त्यांना त्याने अस्तित्वात नसलेली इमारत काढून दाखवली. हे चित्र आजही अकादेमियात आहे. माझ्या वर्गात यथार्थदर्शनाचा पहिला तास याच चित्रावर होतो. त्याचे दोन लोपबिंदू तुम्ही शोधून काढा. कागद बराच रुंद लागेल.

पुढच्या वर्षी, १७६६ मध्ये, त्याने सान मार्को चर्चमधल्या गायकांचे एक रेखाचित्र केले. ते हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात आहे. उंच सज्जात दाटीने उभे राहून गाणारे लोक, खाली माणसे, वर घुमटाच्या कमानी, आणि सगळीकडे बारीक शाईच्या रेघा. कोपऱ्यात त्याने स्वतःच्या हाताने नाव, वर्ष आणि वय लिहिले आहे, आणि पुढे नोंदवले आहे की हे ६८ व्या वर्षी, चष्मा न लावता केले.